'टाकून दे' मधला 'दे'

सातवीच्या वर्गावर संयुक्त क्रियापदे शिकवत होते. फळ्यावर 'वाचून टाकले', 'फेकून दिले' अशी उदाहरणे लिहिली होती. दुसऱ्या क्रियापदाचा स्वतःचा अर्थ इथे मागे पडतो, ते पहिल्याला नुसता टेकू देते, असे समजावत होते. मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, माणसं 'टाकून दे' म्हणतात. मग ती देतात कुणाला?" वर्ग हसला. मीही हसले आणि 'या ठिकाणी देण्याचा अर्थ घ्यायचा नसतो' असे सांगून पुढच्या वाक्याकडे वळले. तिची आई शाळेमागच्याच सोसायट्यांमधून कचरा गोळा करते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्या मुलीला उत्तर ठाऊक होते. बाईंना ते ठाऊक आहे का, एवढेच ती पाहत होती.

काही शिक्षकमित्रांनी आपल्या वर्गांतले प्रयोग एकत्र करून ही पुस्तिका तयार केली आणि तिला प्रस्तावना लिहायला मला सांगितले, तेव्हा पहिल्यांदा तो तास आठवला. कचरा कमी कसा करावा आणि वस्तू जबाबदारीने कशा वापराव्यात, हे मुलांना शिकवणे हा पुस्तिकेचा विषय. ऐकायला सोपा, सरकारी परिपत्रकात शोभेलसा. पण शिकवायला गेले की हा विषय भाषेत, गणितात, इतिहासात, स्वयंपाकघरात आणि शिक्षकाच्या स्वतःच्या पिशवीतही शिरतो. त्या मुलीच्या प्रश्नाला दोन टोके आहेत. वस्तू माझ्या हातात आली कुठून, आणि माझ्या हातातून सुटल्यावर कोणाच्या हातात गेली? ही दोन्ही टोके मुलाला दिसू लागली, तर 'कचरा कुंडीत टाका' असे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ती दिसली नाहीत, तर कुंडी कितीही रंगीत असली तरी उपयोग नसतो.

शाळेत हा विषय नवा नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. आपल्याकडे लहान वर्गांना परिसर अभ्यास आहे, मोठ्यांना पर्यावरणाचे प्रकल्प आहेत. पण विषय शाळेत आला तो तासिकेत येऊन बसला. 'कचऱ्याचे दोन प्रकार लिहा' या प्रश्नाला मुले 'ओला आणि सुका' असे लिहून पैकीच्या पैकी गुण घेतात, आणि पेपर संपला की बाकाखाली वेफर्सचे रिकामे पाकीट सापडते. त्यात मुलांचा दोष थोडा. आपण त्यांना व्याख्या दिली होती, त्यांनी ती परत केली.

दुसरे आपले आवडते ठिकाण म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात काय गर्दी असते, ते पालकांना सांगायला नको. चकाकी, गोंद, आइस्क्रीमच्या काड्यांचे कोरे करकरीत पाकीट, सगळे नवे. एका वर्षी एका घरी भरलेली शीतपेयाची बाटली विकत आणली गेली, पेय मोरीत ओतले गेले आणि रिकाम्या बाटलीचे पेनस्टँड झाले. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षक मीच होते. महिन्याभरात ते पेनस्टँड कचऱ्यात गेले असणार, आणि आता तर त्याला गोंद, रंग नि चकाकी चिकटलेली. नुसती बाटली भंगारवाल्याने आनंदाने घेतली असती. आम्ही बक्षीस देऊन तिचा तोही मार्ग बंद केला.

टाकाऊ वस्तूंतून शिकवण्याची खरी परंपरा आपल्याजवळ आहे, आणि तिला बक्षिसाची गरज पडली नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती यांची साधने केली. मोजायला चिंचोका चालतो, हे ज्याला कळले त्याला साधन विकत घ्यावे लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमितीच्या आकृत्या उभ्या करून दाखवल्या. पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी बनवत राहिले. त्यांचे खेळणे कपाटात ठेवायचे नसते. ते मोडायचे, आत काय आहे ते पाहायचे आणि पुन्हा जोडायचे. पेनस्टँड आणि त्या खेळण्यात फरक आहे तो हाच. एक दाखवण्यासाठी केलेले असते, दुसरे कळण्यासाठी.

त्याहून जुनी परंपरा घरातली. लुगड्यांची गोधडी, जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण, शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, मोठ्या भावाची पुस्तके धाकट्याला, वर्ष संपल्यावर वहीची कोरी पाने उसवून दाभणाने शिवलेली नवी वही. गावात उकिरडासुद्धा घराची मिळकत होती, कारण तो शेतात जायचा. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते' या म्हणीत उकिरड्याविषयी किळस नाही, आशा आहे. मुलांना हे सगळे जरूर सांगावे. पण एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. या आठवणी सांगताना आपला आवाज हळवा होतो आणि हिशेबातले काही आकडे गळतात. गोधडी शिवणाऱ्या आजीला दुसरे पांघरूण परवडत नव्हते. फोडणीची पोळी बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच ताटात पडायची. आणि गावचा केर, मैला, मेलेले जनावर कोणी उचलायचे हे जातीने ठरवून ठेवले होते. 'पूर्वी कचराच नव्हता' असे म्हणताना, जो होता तो उचलणाऱ्याला आपण माणसांत धरत नव्हतो, हेही मुलांना कळायला हवे.

म्हणून महाराष्ट्रात ज्यांनी झाडू हातात घेतला त्यांचा धडा स्वच्छतेपुरता नव्हता. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. उच्चवर्णीय घरातले अप्पासाहेब पटवर्धन कोकणात भंगीकाम करू लागले, तेव्हा त्यांनी गटाराइतकाच समाजही ढवळला. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची, कल्पना मांडली गेली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत सफाई हा शिक्षणाचाच भाग झाला, आणि ती शिक्षकांसह सगळ्यांनी करायची होती. याच्या शेजारी आपल्या शाळांतली एक सवय ठेवून पाहा. उशिरा आला, गृहपाठ केला नाही, की 'आज वर्ग तू झाडायचा'. ज्या दिवशी झाडू शिक्षा म्हणून हातात येतो, त्या दिवशी मूल शिकते की झाडणे हे हलके काम आहे आणि ते हलक्या माणसाचे आहे. या पुस्तिकेतला एकही उपक्रम करायला जमला नाही तरी चालेल, पण ही शिक्षा आजपासून बंद व्हावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. देतात कुणाला? पुण्यापुरते याचे उत्तर एका वर्गातूनच सुरू झाले. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग घेत होत्या. मुले वर्गात का टिकत नाहीत ते पाहायला त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर वेचायला जाऊ लागल्या. तिथे उमगले की घाण कालवून कागद-काच शोधण्यात दिवस जातो आणि हाती थोडेच लागते. हाच माल घरांतून वेगळा केलेला मिळाला तर वेळ वाचेल, कमाई वाढेल आणि मुले शाळेत राहतील. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच 2008 मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी जाऊ लागली. देशाने घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत घरातच वर्गीकरण बंधनकारक केले, त्याच्या कितीतरी आधी या बायका ते मागत होत्या. आपण ओला-सुका हा पर्यावरणाचा नियम म्हणून शिकवतो. पुण्यात तो त्याआधी एका आईची आणि तिच्या शाळाबाह्य मुलाची मागणी होती, हे कळल्यावर दोन डब्यांचा अर्थ बदलतो.

कचऱ्याच्या वाटेचे पुढचे टोक शहराबाहेर आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला. 2017 मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा टाकला जातो. जानेवारी 2016 मध्ये तो पेटला, धूर उपनगरांवर पसरला आणि आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याने शाळेला सुट्टी दिली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कोणतेच शहर पुरे पडले नसते, पण प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांनी त्या दिवशी पाण्याची उरलीसुरली वाटही अडवली. उलट बाजूचे उदाहरण सिंधुदुर्गात आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने काटेकोर वर्गीकरणाच्या जोरावर कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी करून दाखवली. शाळेची सहल किल्ल्यावर जाते, तशी एकदा अशा जागीही जावी.

पुस्तिकेचे चार भाग आहेत: पाहा, मोजा, निवडा, विचारा. हा क्रम बदलू नये.

पहिल्या भागातला माझा आवडता उपक्रम म्हणजे 'भंगारवाला काय घेत नाही?' मुलांनी जवळच्या भंगाराच्या दुकानात जायचे आणि दोन याद्या करायच्या. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, अल्युमिनियम, पाण्याची बाटली एका यादीत. वेफर्सचे पाकीट, बिस्किटाचा कागद, शाम्पूची पुडी दुसऱ्या यादीत. मग कारण शोधायचे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा पातळ मुलामा असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करायला जो खर्च येईल तेवढी त्याची किंमत नाही. जगात 2015 पर्यंत जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातल्या जेमतेम 9 टक्क्यांचे पुनर्चक्रीकरण झाले, असा अंदाज संशोधकांनी 2017 मध्ये मांडला होता. तो आकडा मुलांना आधी सांगू नका. भंगाराच्या दुकानातून परतल्यावर सांगा, म्हणजे तो त्यांना आपल्याच यादीची मोठी प्रत वाटेल.

मोजण्याचा भाग गणिताच्या शिक्षकांनी घ्यावा. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाचे 220 दिवस ठरवले आहेत. वर्गात 40 मुले असतील आणि प्रत्येकाने दिवसाला एकच पाकीट फोडले, तरी एका वर्गाची वर्षाची 8,800 पाकिटे होतात. हा गुणाकार तिसरीच्या मुलालाही येतो, पण तो कोणी त्याला घातलेला नसतो. पोषण आहाराच्या खिचडीचेही तसेच. ती वाया जाते म्हणून मुलांना रागावण्याआधी उरलेली खिचडी आठवडाभर तोलायची आणि का उरली ते विचारायचे. उत्तरे साधी असतात: तिखट होती, सुट्टी संपली, पहिल्याच खेपेला मोठा डाव भरून वाढली. थोडे वाढायचे आणि पुन्हा मागायला मोकळीक द्यायची, एवढ्याने फरक पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांतून. 'पानात टाकू नये' ही आजीची शिस्त होती. तिच्यामागे एवढा मोठा आकडा उभा आहे, हे आजीलाही ठाऊक नव्हते.

निवडण्याचा भाग सर्वांत अवघड, कारण तिथे दुकान समोर असते. जून उजाडला की नवे दप्तर, नवा डबा, नवी बाटली. गेल्या वर्षीची बाटली फुटलेली नसते, तिच्यावरचे चित्र तेवढे जुने झालेले असते. मुलाला 'नको' म्हणायला शिकवताना त्याला हावरट ठरवू नये. हवेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते वाटायला लावणाऱ्या जाहिराती मोठी माणसेच करतात. पुस्तिका म्हणते, घेण्याआधी तीन दिवस थांबा आणि मग पाहा हवेसे वाटणे उरले का. वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटण्याऐवजी वर्गाच्या पेटीत एक पुस्तक, लहान झालेल्या गणवेशांची जूनमधली अदलाबदल, असे उपाय इथे आहेत. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे 10,000 लिटर पाणी लागते. हे शिकवल्यावर गणवेशाची दोन बोटे उसवलेली शिवण नव्या गणवेशाचे कारण राहत नाही.

मात्र चांगला हेतू आपोआप सवय होत नाही. राज्यात 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घातली गेली, म्हणजे वेगळ्या वह्या लागू नयेत आणि दप्तर हलके व्हावे. मुले वह्या आणतच राहिली, पाने कोरीच राहिली, आणि 2025 मध्ये निर्णय मागे घेतला गेला. हे उदाहरण मी टीकेसाठी देत नाही. वस्तू बदलली पण वर्गातली लिहिण्याची पद्धत बदलली नाही, तर काटकसरीसाठी केलेली गोष्टच उधळपट्टी होते. ही पुस्तिका वापरतानाही ते लक्षात असावे. मुलांनी कापडी पिशवी आणायची आणि स्नेहसंमेलनाला शाळेने फ्लेक्स लावायचा, असे असेल तर मुले पिशवी विसरतात आणि फ्लेक्स लक्षात ठेवतात.

चौथा भाग, विचारा. मुलांनी पत्रे लिहायची आहेत: मुख्याध्यापकांना, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, नगरसेवकाला आणि ज्यांची पाकिटे सर्वांत जास्त मोजली गेली त्या कंपन्यांनाही. प्लास्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्यावर ते परत गोळा होईल हे पाहण्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्राने 2018 मध्ये पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी घातली, केंद्राने जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या काही वस्तूंवर. कायदे आहेत, ते पाळले जातात का हे विचारणे नागरिकशास्त्रातच बसते. हा भाग गाळू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो गाळला, तर जगाच्या कचऱ्याचे सगळे ओझे आपण दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात भरतो. त्याचा वाटा त्याने उचलावा, पण बाकीचा कोणाचा तेही त्याला ठाऊक असावे.

शिक्षकांसाठी थोडे सांगणे. मुलांना ओल्या किंवा न निवडलेल्या कचऱ्यात हात घालायला लावू नये. काच, सुया, सॅनिटरी पॅड यांविषयी बोलावे, पण ते हाताळायला देऊ नये. पाकिटे मोजताना कोणाच्या डब्यातून काय निघाले हे जाहीर करू नये. मोजणी वर्गाची असावी, मुलाची नव्हे. आणि एकाच वर्गात दोन मुले शेजारी बसतात: एकाकडे तीन कंपासपेट्या, दुसऱ्याचा गणवेश तिसऱ्या हातचा. दोघांना एकाच सुरात काटकसर शिकवणे अन्याय आहे. दुसऱ्या मुलाला ती शिकवायची नसते. त्याला जमते ते वर्गासमोर कौशल्य म्हणून मांडायचे असते: फाटलेले दप्तर कसे शिवावे, पेन्सिलीचे टोक संपेपर्यंत कसे वापरावे. लाजेची गोष्ट हुशारीची झाली की वर्गातली हवा पालटते. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. सुतार, कुंभार, माळी यांच्याबरोबर त्यातला एक दिवस कचरावेचक ताईंसाठी राखून ठेवावा. दिवस शाळेत असावा आणि बोलायला त्या असाव्यात.

पुस्तिकेतला शेवटचा उपक्रम एका ओळीचा आहे. मुलाने आपल्या घरचा कचरा नेणाऱ्या व्यक्तीचे नाव विचारून यायचे आणि एक आठवडा निवडलेला कचरा दारात न ठेवता तिच्या हातात द्यायचा. पहिल्यांदा वाचताना मला हा उपक्रम किरकोळ वाटला होता. आता वाटते, आधीचे सगळे भाग या एका कृतीची तयारी आहेत. नीट निवडलेले, पुसून कोरडे केलेले, कमीत कमी झालेले असेल तरच हातात देता येते. नाहीतर ते लांबून टाकावेच लागते.

व्याकरणाच्या पुस्तकातला माझा नियम चुकीचा नव्हता, अपुरा होता. तो तास पुन्हा घ्यायला मिळाला, तर वर्ग हसेल तेव्हा मी हसणार नाही. खडू त्या मुलीच्या हातात देईन.